सात नंबरचं पोट

नाना वडक्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वारगेटच्या चौकाजवळ रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून डांबरावर पाणी ओतत होते. पिण्याच्या बाटलीतलं पाणी, बेताबेतानं, एकेक झाकणभर. ओतून झालं की ते कुठल्या बाजूला जातं ते बघायचे, मग उठून चार पावलं पुढे जाऊन पुन्हा एक झाकण. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. शेजारून बस जात होत्या, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, आणि एका आजींनी तर लांबूनच हात जोडले. मला वाटलं, कुठल्यातरी ज्योतिष्यानं यांना उपाय सांगितलेला दिसतोय.

मी त्याच दिवशी नोकरीवर रुजू झाले होते. घराघरात नळानं स्वयंपाकाचा गॅस पोचवणारी आमची कंपनी. बार्शीहून बॅग घेऊन आलेली मी नवीकोरी इंजिनिअर, आणि आमचे मॅनेजर साने साहेब म्हणाले होते, "वडके रस्त्यावरच सापडतील. आठ दिवस त्यांच्याबरोबर फिरा, लाइन कळेल." वडके म्हणजे लाइनचे सुपरवायझर. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, काय करताय?"

"पाणी घालतोय."

"कशाला?"

"रस्ता उगवतो का बघतोय," असं म्हणून त्यांनी झाकण बाटलीला लावलं. मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र नीट वाचलं आणि एकदम 'मॅडम'वर आले. "मॅडम, रस्ता जसा उतरतो तशी खालची लाइन उतरते. नकाशात ती सरळ दिसते, कारण नकाशा टेबलावर काढतात आणि टेबल सपाट असतं. आपण कुठल्या?"

बार्शीची म्हटल्यावर ते "असू दे" म्हणाले. त्यात दिलासा होता की टोमणा, हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर नानांच्या बाबतीत मला पुष्कळ गोष्टी वेळेवर कळल्या नाहीत. नाना जाऊन आता चार वर्षं होतील, आणि हे लिहायला बसल्यावरही एकदोन ठिकाणी माझं पेन अडणार आहे हे मला ठाऊक आहे.

माझा पहिला गोंधळ अगदी मुळातलाच होता. गॅसच्या नळात पाणी कुठून येतं? चार वर्षं शिकून मी परीक्षेत या विषयावर दोन पानं लिहिली होती, पण रस्त्यावर उभं राहिल्यावर ती दोन्ही पानं डोक्यातून गायब झाली. नानांनी एका टपरीच्या बाकावर बसून मला ते सांगितलं. नवी लाइन टाकताना पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, त्यातलं थोडं नळात राहतं. शेजारून पाण्याची पाइपलाइन जाते, ती फुटली की तिची बारीक धार वाळूसकट आमच्या प्लास्टिकच्या नळावर महिनोन्‌महिने आपटत राहते आणि एक दिवस भोक पाडते. शिवाय यंत्रातून गॅसबरोबर तेलाचा अंश येतो तो वेगळाच. हे सगळं वाहत वाहत लाइन जिथे सगळ्यात खाली जाते तिथे जाऊन बसतं. साचत गेलं की गॅसला वाट उरत नाही. मग कुठल्यातरी घरात दूध उतू जायच्या ऐवजी शेगडीच फडफडते आणि आम्हाला फोन येतो.

"गॅस धडपड्या असतो, बारक्या फटीतूनही जातो," नाना म्हणायचे. "पाणी आळशी. खड्डा दिसला की बसलं. त्याला उठवायचं हे आपलं काम."

उठवण्यासाठी अशा सखल जागी नळाच्या खाली एक भांडं जोडलेलं असतं. त्याला पॉट म्हणतात. पाणी त्या पॉटमध्ये उतरतं. पॉटच्या तळापासून एक बारीक नळी वर रस्त्यापर्यंत येते, तिला व्हॉल्व्ह असतो, आणि त्यावर लोखंडी झाकण. झाकण उघडायचं, व्हॉल्व्ह हळूच सोडायचा, की गॅसच्याच दाबानं खालचं काळपट पाणी वर येऊन कॅनमध्ये पडतं. पाणी संपून नुसता फुसफुस आवाज आला की व्हॉल्व्ह बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या क्षणी पाणी संपतं त्या क्षणी तिथे गॅस असतो, आणि तेवढ्या क्षणासाठी नाना दोन डबे घेऊन फिरायचे. एक जेवणाचा, दुसरा मोबाइलचा. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचा मोबाइल बंद होऊन त्या डब्यात, आणि डबा रस्त्याच्या पलीकडे.

एकदा साने साहेब स्वतः काम बघायला आले होते. त्यांना वरून महत्त्वाचा फोन यायचा होता, म्हणून मोबाइल द्यायला ते तयार होईनात. नानांनी झाकण पुन्हा लावलं, फुटपाथवर रुमाल अंथरला आणि त्यावर बसले. "तुमचा फोन होऊ द्या साहेब. पाणी काही कुठे जात नाही." फोन यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ साहेब, नाना, मी आणि दोन मदतनीस असे पाच जण भर रस्त्यात एका झाकणाभोवती गप्प बसून होतो. मला हसावं की शरमावं तेच समजेना.

नाना कसबा पेठेतले. घराणं तांबटाचं, पण वडिलांच्या हातातला हातोडा त्यांनी घेतला नाही. आधी एका कारखान्यात वाफेच्या नळांवर काम केलं, मग उतारवयात आमच्याकडे आले. वाफेच्या नळातही पाणी साचतं आणि तिथेही ते काढावं लागतं, त्यामुळे, नाना म्हणत, "मी जन्मभर एकच काम करतोय. फक्त पगाराची पाकिटं बदलली."

शब्दांच्या बाबतीत ते भलतेच काटेकोर होते. आमच्याकडची पोरं पॉटला मुद्दाम 'पोट' म्हणायची. "नाना, चार नंबरचं पोट साफ झालं," असं म्हणून खिदळायची. नाना त्यांना तिथल्या तिथे थांबवायचे. "पॉट. त्याच्यावर चंद्र आहे. तुझ्या पोटावर आहे का? बघू." त्यांच्या रजिस्टरात प्रत्येक पॉटवर असा चंद्र काढलेला असायचा की वाटी ठेवावी. वेळेच्या रकान्यात मात्र घड्याळाची वेळ क्वचितच असे. तिथे 'दूध', 'पोळ्या', 'दुपारचा चहा' असं लिहिलेलं. घराघरात गॅस कधी किती जळतो यावर त्यांचं सगळं गणित चालायचं. मला ते रजिस्टर पहिल्यांदा बघितलं तेव्हा एखाद्या खानावळीचं वाटलं होतं.

त्या आठ दिवसांतली एक सकाळ मात्र मला अजिबात उलगडली नव्हती. आम्ही खडकीला गेलो होतो. नानांनी एका चौकात झाकण उघडून मोठा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करत आणला, मग अर्ध्या किलोमीटरवर जाऊन दाबाच्या गेजसमोर उभे राहिले. पाऊण तास. एक नजर गेजवर, एक हातातल्या घड्याळावर. आजूबाजूच्या घरांतून फोडणीचा वास येत होता. नंतर आम्ही आठ नंबरच्या पॉटपाशी गेलो, तिथून चांगलं तीन कॅन पाणी काढलं, परत येऊन व्हॉल्व्ह पूर्ववत केला, आणि नानांनी रजिस्टरात लिहिलं : सात नंबर, साफ. सात नंबरला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता! मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "हललं." मी "हं हं" म्हणून मान डोलावली. काय हललं हे मला कळलं नव्हतं, पण इंजिनिअर मी होते, आणि तीन कॅन उचलणाऱ्या मदतनिसांसमोर तसं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

वर्षभरानं कंपनीनं ठरवलं की सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची. टायपिंगचं काम माझ्याकडे आलं. नानांच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर बारा जागांची यादी होती. क्रमांक, ठिकाण, आणि समोर पॉट, पॉट, पॉट. सात नंबरला मात्र होतं 'पोट'. चंद्र नाही, मात्रा.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. शाळेत शुद्धलेखनात पैकीच्या पैकी मिळवणारी मी, आणि साक्षात नाना वडक्यांची चूक माझ्या हाती लागली होती! सगळ्या ऑफिसचे उच्चार सुधारणारे नाना स्वतः पॉटला पोट लिहून बसले होते. उद्या त्यांना चिडवायचं असं मी मनाशी ठरवलं, मात्रा पुसून चंद्र दिला, यादी सारखी केली आणि पुढे गेले. चिडवायचं राहून गेलं. यादी मात्र कंपनीची अधिकृत यादी झाली, आणि जुनं रजिस्टर कपाटात गेलं.

पुढचं सगळं चार दिवसांत घडलं. नानांच्या निवृत्तीला तेव्हा महिनासुद्धा उरला नव्हता. मंगळवारी बाहेरचे एक तपासनीस आले. यादी हातात घेऊन एकेक पॉट प्रत्यक्ष बघायचा, असा त्यांचा कार्यक्रम. नानांनी त्या दिवशी दाढ काढण्यासाठी रजा घेतली होती, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. सहा पॉट व्यवस्थित सापडले. सातवा सापडेना. खडकीच्या बाजूला नाल्यावरून रस्ता जातो तिथे आम्ही तासभर झाकण शोधत होतो. तपासनीस घामाघूम, मी रडकुंडीला. शेवटी मी नानांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नाना, सात नंबरचं पॉट कुठे आहे?"

पलीकडून कापसाच्या बोळ्यातून आवाज आला, "नाल्याखाली."

"पण झाकण कुठे आहे?"

"त्याला झाकण कसलं?"

"म्हणजे झाकणच नाही?"

"पोटाला झाकण असतं का, मॅडम?" दाढ काढलेल्या तोंडातून पोट काय आणि पॉट काय, सगळं एकच ऐकू येत होतं. तपासनिसांनी वहीत लिहून घेतलं की सात नंबरला पॉट नाही हे संबंधितांनी मान्य केलं असून पाच वर्षं त्याच्या सफाईच्या नोंदी होत आहेत. पेनाचं टोपण लावताना ते मला म्हणाले, "हे खोट्या नोंदींचं प्रकरण आहे."

ऑफिसात परत येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. नानाही आले होते, एक गाल सुजलेला. कुणी त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात हजेरीच्या वहीत पाच मिनिटं इकडची तिकडे केली नाहीत, त्याच्यावर न केलेलं काम केलं म्हणून लिहिल्याचा आरोप होता, आणि तोही निवृत्तीच्या तोंडावर. जुनं रजिस्टर बघावं म्हणून मी कपाटाची किल्ली मागितली. किल्ली नानांकडेच असायची. त्यांनी खिशातून काढून दिली, विचारलं काहीच नाही.

रेकॉर्डच्या खोलीत उभ्या उभ्या मी ते पहिलं पान उघडलं. अकरा चंद्र आणि एक मात्रा. मात्रा घाईत ओढलेली नव्हती. नीट, ठसठशीत दिली होती. आणि मग ते वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं, पोटाला झाकण असतं का. त्या माणसानं पाच वर्षं पोट लिहिलं होतं कारण त्याला पोटच म्हणायचं होतं. नाल्यापाशी जमीन खचून लाइनला झोळ आला होता, माणसाचं पोट सुटतं तसा. तिथे पाणी साचत होतं, पण पॉट बसवलेला नव्हता. म्हणून नाना पोळ्यांच्या वेळी, सगळी घरं गॅस ओढत असताना, दुसऱ्या बाजूनं येणारा गॅस अडवायचे. मग सगळा गॅस याच वाटेनं जोरानं जाई आणि पोटातलं पाणी ढकलत पुढच्या आठ नंबरच्या पॉटमध्ये नेऊन टाकी. 'हललं' ते हे.

सगळं कळलं. निदान असं आता म्हणता येतं. त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की मला नक्की काही कळलेलं नाही. माझी नोकरी कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. मी रजिस्टर कपाटात ठेवलं आणि किल्ली नानांच्या टेबलावर. ते खुर्चीत नव्हते, याचं मला बरं वाटलं.

बुधवारी साने साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेब, तपासनीस, नाना, आणि यादी केलेली म्हणून मी.

"वडके, सात नंबरला पॉट आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग पाच वर्षं तिथे साफ काय केलंत?"

"पोट."

"अहो, तेच विचारतोय."

"तेच सांगतोय," नाना म्हणाले. "पॉट आपण बसवतो. पोट सुटतं. कुणी बसवावं लागत नाही." तपासनिसांनी नकळत टेबलापासून खुर्ची मागे घेतली आणि शर्ट खाली ओढला. एरवी मी हसले असते.

"पण यादीत तर पॉट लिहिलंय," साहेब म्हणाले.

"यादी कॉम्प्युटरवर आहे. मला कॉम्प्युटर येत नाही."

एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जुनं रजिस्टर काढा, असं ते म्हणू शकत होते, ते म्हणाले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं 'पाणी मागवा' अशा अर्थाचं होतं. मी पाणी मागवलं. नाना माझ्यासाठी गप्प बसले, की त्यांना खरंच वाटत होतं की हे काम त्यांचं नाही, की मी बोलेन याची ते वाट बघत होते? मी वहीत रेघोट्या मारत हाच विचार करत राहिले, आणि तेवढ्यात बैठक संपली. उठताना नाना म्हणाले, "उद्या पोळ्यांच्या वेळेला खडकीला या. पोट दाखवतो."

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. नानांनी व्हॉल्व्ह आवळला. गेजचा काटा आधी खाली आला, मग दोन-तीनदा थरथरला. "उठलं," नाना हळूच म्हणाले. आठ नंबरच्या नळीतून पाणी आलं ते येतच राहिलं. तीन कॅन भरले, चौथा निम्मा झाला. तपासनीस वाकून वाकून बघत होते आणि मदतनीस पोरं नानांकडे असं बघत होती की त्यांनीच विहीर खणली आहे. मला वाटलं, सुटले नाना, आता मी काही बोलायची गरजच नाही. सुटकेचा तो श्वास मी किती मोठा घेतला होता ते अजून आठवतं.

पण कागद वेगळाच निघाला. दुपारी नानांच्या हातात समजपत्र पडलं. काम होत असल्याचे दिसून आले, मात्र अस्तित्वात नसलेल्या पॉटची नोंद करून दिशाभूल केल्याबद्दल समज देण्यात येत आहे, असं त्यात होतं. नानांनी ते उभ्यानं वाचलं, पोचपावतीवर सही केली, कागदाची चौघडी करून दोन पेनांच्या मागे खिशात ठेवली. मग उरलेल्या सगळ्या रजेचा अर्ज लिहिला. पोरांनी विचारलं, "नाना, निरोप समारंभाला तरी येणार ना?" तर म्हणाले, "समज दिलेल्या माणसाला नारळ कशाला देता? फोडून खा." आणि डबे उचलून जिना उतरले. दोन्ही डबे.

शुक्रवारी दिवसभर मी काम केल्यासारखं केलं. संध्याकाळी पाच वाजता नानांच्या टेबलावर अजून तशीच पडलेली किल्ली घेतली, कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, साने साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की चंद्र मी दिला. साहेबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. ओरडले नाहीत. "लेखी द्या," म्हणाले. मी लेखी दिलं. माझं कायम होणं सहा महिने लांबलं आणि ते मला फार थोडं वाटलं. समजपत्र मागे घ्यायला मात्र वरची मंजुरी लागत होती. ती येईपर्यंत नाना निवृत्त होऊन गेले. ना हार, ना नारळ, ना कुणाचं भाषण. शेवटच्या दिवशी येऊन किल्ल्या जमा करून गेले, तेव्हा मी साइटवर होते. मुद्दामच गेले होते.

समज रद्द झाल्याचं पत्र पंधरवड्यानं आलं. टपालानं पाठवणार होते. मी म्हटलं, मी नेऊन देते.

कसबा पेठेत गल्ली शोधत चालले होते तेव्हा डोक्यात वाक्यं जुळवत होते. नाना, मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. नाना, मी घाबरले होते. नाना, माझी नोकरी. प्रत्येक वाक्य चार पावलं बरं वाटे आणि पाचव्या पावलाला पडे. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं. नाना लेंगा-बनियनवर खिडकीपाशी पेपर वाचत होते. शर्टाशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा बदलून ते दोनदा वाचलं आणि काकूंकडे दिलं. काकू पत्र घेऊन आतल्या दारापर्यंत गेल्या, तिथेच थांबून त्यांनी ते वाचलं, आणि पदरानं डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की त्या समजपत्राचं या घरात काय झालं होतं.

"चंद्र मी दिला होता," मी म्हटलं. "मला वाटलं, तुमची चूक झाली."

"ते मला मंगळवारीच कळलं. कपाटाची किल्ली माझ्याकडूनच नेलीत," नाना म्हणाले. "चूक होते. चुकीबद्दल माझं काही म्हणणं नाही. मंगळवारी आपण पान पाहिलंत, बोललात शुक्रवारी. मधले तीन दिवस काय केलंत?"

जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. "मी गोंधळले होते, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. आवाज चढला नव्हता, नेहमीसारखाच कोरडा होता. "मॅडम, गोंधळलेला माणूस विचारत सुटतो. ह्याला विचारतो, त्याला विचारतो, जीव खातो. आपण गप्प होतात. गप्प बसायला सगळं नीट कळलेलं असावं लागतं."

मी खाली बघितलं. आयुष्यात मला इतकं सरळ कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर नोकरीत पुष्कळदा मी 'माझा जरा गोंधळ झालाय' असं म्हणायला तोंड उघडलं आहे आणि मध्येच थांबून स्वतःला विचारलं आहे की खरंच झालाय का. बहुतेक वेळा झालेला नसतो.

काकू आतून भांड्यांचा आवाज करत होत्या. निघावं असं वाटत होतं, पण उठता येईना. शेवटी नानांनी पेपर उचलला आणि त्याच्या आडून विचारलं, "चहा घेणार का? की तेही तीन दिवसांनी कळवणार?"

"घेते," मी म्हटलं. लगेच म्हटलं.